चालून चालून वाढलेली रँक

गेल्या सोमवारी संध्याकाळी मोबाइलने मला माझ्याच मुलीबरोबर खेळायला मनाई केली... तुमच्या दोघांच्या रँकमध्ये फार फरक आहे म्हणे.

पेपर मिलमधून रिटायर झालो, बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगी मनू पुण्यात नोकरीला. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलात का’, ‘जेवलो’ इथेच संपायचं. म्हणून तिने मला मोबाइलवर बंदुकांचा एक गेम शिकवला, एका टीममध्ये बोलत बोलत खेळायचा. बुऱ्हाणपूरच्या या घरात रोज तो अर्धा तासच काय तो मला कुणी ‘पप्पा’ म्हणायचं.

पण टीममध्ये सगळ्यांत आधी मरायचो मी... मनू कंटाळेल आणि हेही बंद होईल, अशी भीती वाटायची.

एकदा स्कूटर पंक्चर झाली. पलीकडच्या जैनाबादहून तापीचा पूल ओलांडून पायीच आलो आणि तसाच खेळायला बसलो. बोटं अशी चालली की मनूने विचारलं, “पप्पा, आज काय खाल्लंत?”

मग रोज तासभर चालायला लागलो, मनूला तेवढं सांगितलं. शेजारचा केळीवाला म्हणाला, “काका, शुगर निघाली का? बडे जोर में चालले.” गेमसाठी चालतोय हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार...

मनू ऑफिसात असताना मी एकटाही खेळायचो. चालण्याने म्हणा, सरावाने म्हणा, रँक चढत गेली आणि सोमवारी ते घडलं. मनू हसली. “पप्पा, माझ्या पुढे गेलात. आता एकटे खेळा की.” तिने कौतुकच केलं होतं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मंगळवारपासून चालणं बंद. मावा जिलेबी खाल्ली आणि मुद्दाम हरत सुटलो... शुक्रवारी रँक उतरली, पुन्हा एकत्र खेळलो. दहा मिनिटांत मनूने ओळखलं. “चालायला जात नाही ना?”

गुडघा दुखतो म्हणालो. तिला पटलं नाही. शेवटी खरं सांगितलं... एकट्याने जिंकून काय करू?

तिने एवढंच विचारलं, “किती वाजता चालायला जायचात?”

काल साडेपाचला तिचा फोन. “पप्पा, बूट घाला. मीही ऑफिसमधून खाली उतरलेय.”

मी तापीच्या काठाने, ती तिकडे पुण्यात. फारसं बोललो नाही आम्ही. कानात तिकडचे हॉर्न आणि तिचा श्वास येत होता.

मध्येच तिने विचारलं, “दमलात का?”

दमलो होतो... पण हो म्हटलं असतं, तर तिने फोन ठेवला असता.