कोणत्या आईची ओटी?

महायुद्धात तुर्कांच्या कैदेतून सुटताना मी देवीला नवस बोललो, आणि तो कोणत्या देवीला बोललो हेच विसरलो. शब्द तेवढे लक्षात राहिले : "आई, यातून वाचव, तुझी खणानारळाने ओटी भरीन." आता आमच्या चौल-रेवदंड्याकडे देवीला आई म्हणतात, आणि कुठल्याही देवीला आईच म्हणतात. डोंगरावर हिंगळजा आई, खाली गावात शितळा आई, आणि किनाऱ्याने चालत सुटावं तर प्रत्येक कोळीवाड्याची आपली वेगळी आई. थोडक्यात, मी टपाल टाकलं होतं आणि वर पत्ता लिहायचा राहिला होता. शिवाय ओटी भरायची ती बायकांनी, हेही त्या वेळी टाळक्यात आलं नाही. पुरुषाने अभिषेक बोलावा, फार तर नारळाचं तोरण बोलावं. पण जीव जाताना माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो, आणि माझ्या तोंडाचा तर एरवीही नसतो.

महायुद्ध संपून घरी आलो, वडिलांची नारळी-सुपारीची वाडी हाती घेतली, लग्न केलं, आणि नवस खुशाल गुंडाळून ठेवला. खरं सांगायचं तर माझा विश्वासच डळमळला होता. कैदेत माझ्यापेक्षा कितीतरी देवभोळी माणसं मी मरताना पाहिली. त्यांचे नवस माझ्यापेक्षा मोठे होते, पत्त्यासकट होते. ती वाळूत राहिली आणि मी आलो. त्यात देवाचा हिशेब कुठला, हे मला उमगत नव्हतं, आणि जो देव त्यांना सोडतो तो माझ्याकडे एका खणासाठी तगादा लावील, हेही पटत नव्हतं.

मग आमचं पहिलं मूल महिन्याचं होऊन दगावलं. दुसरं जन्मलं ते रडलंच नाही. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले, तेव्हा घरातलं बोलणं कमी झालं. एके दुपारी ही रहाटापाशी माझी भाकरी घेऊन आली आणि तिथेच बसली.

"अहो, तुम्ही कुठे काही बोलून ठेवलंय का? देवाला?"

मी सांगितलं.

"कुठल्या देवाला?"

"आईला."

"कुठल्या आईला?"

मी रहाटाच्या रेड्याकडे पाहिलं. त्यानेही मान फिरवली.

"अहो, मूल राहत नाहीये आपलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही रेड्याकडे काय बघताय?" हे ती रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. ती रागावली नव्हती, घाबरली होती. माझा विश्वास असो नसो, तिला त्या भीतीत एकटं सोडणं मला जमेना.

तेव्हा मी देवी शोधायला निघालो. हिंगळजेचा डोंगर चढलो. शितळेला गेलो. खाडीपलीकडेही एकदोन ठिकाणी जाऊन आलो. एका देवळात गुरवाला म्हटलं, कौल लावून विचारा, नवस हिलाच बोललो होतो का.

"कशाबद्दल बोलला होतात?"

"सुटकेबद्दल. पण हिलाच बोललो का, ते नक्की नाही."

"मग देवीने काय अंदाजे घ्यायचं?" गुरव म्हणाला. तरी भला माणूस, त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आम्ही दोघं बघत बसलो. एकही पडेना. शेवटी गुरव जेवायला गेला, जेवून आला, आणि मला म्हणाला, "आई तुम्हाला ओळखत नाही असं दिसतंय."

घरी येऊन हा प्रकार सांगितला तेव्हा ही जरा हसली, आणि मग तिने एवढ्या दिवसांत मला न सुचलेली गोष्ट विचारली. "तुमच्याबरोबर दुसरे एक सुटले होते ना? त्यांनी ऐकलं असेल की."

सुचली नव्हती असं म्हणणं बरोबर नाही. मी ती टाळत होतो. माझ्याबरोबर सुटला तो धोंडू, रोह्यापुढच्या तळे गावापलीकडचा भातशेतीवाला, आमच्याच पलटणीतला. आणि आम्ही कसे सुटलो हे जगात माझ्याखेरीज त्या एकट्याला माहीत होतं. गावात मी सांगितलेली हकिगत अशी, की तुर्कांच्या पहाऱ्यातून, भर दिवसा, वादळाचा फायदा घेऊन आम्ही बेधडक निसटलो. यातलं वादळ खरं होतं.

झालं होतं ते असं. आम्हा कैद्यांना वाळवंटात रेल्वेच्या भरावावर कामाला लावलं होतं. काळा, दगडासारखा पाव खाऊन माझं पोट बिघडलेलं. एके सकाळी धुळीचं वादळ उठलं, हाताचं बोट दिसेना, आणि नेमकी मला तेव्हाच भरावाआड जायची निकड लागली. उठलो तो दिशाच कळेना. छावणी समजून मी भलतीकडेच तरातरा चालू लागलो. मागून धोंडू धावत आला आणि कानाशी ओरडला, "कुठं निघालास?" मी म्हटलं, "परत." माझ्या मनात छावणी. त्याच्या मनात हिंदुस्थान. तो म्हणाला, "चल मग, मी बी येतो." धूळ बसली तेव्हा ना भराव दिसत होता, ना पहारेकरी, आणि धोंडू माझ्याकडे अशा काही आदराने बघत होता, की मी वाट चुकलोय हे सांगायचं मला धैर्यच झालं नाही. परत फिरलो असतो तर गोळी होती. पुढे गेलो.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. जीभ सुजून तोंडात मावेनाशी झाली. धोंडूने मला काही वाट ओढत नेलं. मी तो नवस बोललो. मग काळे कपडे घातलेली एक म्हातारी, हनुवटीवर निळं गोंदण, भोवती बकऱ्या. तिच्या राहुटीत आम्ही पडून राहिलो. तुर्की घोडेस्वार आले तेव्हा तिने आम्हाला बकऱ्याच्या केसांच्या घोंगडीखाली ढकललं आणि वर स्वतः लोकर कातत बसली. ते केस माझ्या नाकात गेले आणि मी शिंकलो. धोंडूने माझा दंड इतका आवळला की वळ कितीतरी दिवस टिकला. पण म्हातारी त्याच क्षणी स्वतः मोठ्याने शिंकली, पुन्हा शिंकली, ओढणीला नाक पुसलं, आणि धुळीबद्दलच असणार, त्या स्वारांशी भांडायला लागली. ते कंटाळून गेले. नंतर तिच्या माणसांनी उंटांवरून आम्हाला आमच्या फौजेच्या ठाण्याजवळ नेऊन सोडलं. माझी समजूत अशी, की मी नवस बोललो आणि देवीने तिला धाडलं.

भातकापणीचे दिवस होते. मी रेवदंड्याहून भरतीबरोबर होडीने रोह्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत तळ्याकडे. वाटभर एकच कुतूहल, तो कुठल्या देवीचं नाव सांगेल? आणि एकच धाकधूक, तो बाकीचं काय काय सांगेल?

धोंडू खळ्यात भात झोडत होता. मला पाहिल्यावर हातातला पेंढा टाकून आला आणि मिठी मारली. बायकोला ओरडून म्हणाला, "आगं, हाच तो! तुर्काच्या नाकासमोरनं परत निगालेला!" मी मान खाली घातली. तिने पाणी आणलं, गूळ आणला. मग मी हळूच विषय काढला, की मी नवस कोणत्या आईला बोललो ते तुला आठवतं का.

"कुठली आई?" धोंडू म्हणाला.

"तेच विचारतोय. हिंगळजा म्हणालो, शितळा म्हणालो, काय म्हणालो?"

"देवीचं नाव न्हाय घेतलंस तू. म्हातारीला बोललास."

"म्हातारी मागून आली."

"मागनं न्हाय, आदी. तुजं डोस्कं तिच्या मांडीवर व्हतं. ती तुज्या तोंडात थेंब थेंब पानी सोडीत व्हती. तू डोळं उघाडलंस, तिच्याकडं बगून म्हनालास, आई, यातून वाचव, तुजी वटी भरीन. मला हसू आलं. म्हनलं, ह्या बाईला वटी काय कळनार? तर ती बी काय तरी म्हनली. इब्नी, इब्नी. दोन-चारदा म्हनली."

"म्हणजे काय?"

"मी बी मागनं इचारलं, ठाण्यावरल्या दुभाष्याला. इब्नी म्हंजे माज्या पोरा." धोंडूने गुळाचा खडा तोंडात टाकला. "तिचा पोरगा तुर्कांनी फौजेत धरून नेला व्हता. नवरा बी नव्हता तिला. त्या दुभाष्यानंच सांगितलं. तुला सांगनार व्हतो, पर तू ठाण्यात रोट्या खायाला बसलास तो उठंना."

 तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती. मी म्हटलं आई, आणि ती म्हणाली माझ्या पोरा. हे कसं घडलं असेल, याचा विचार मी आजवर करत आलो आहे. कधी वाटतं, मरायला टेकलेला माणूस कुठल्याही मुलखात तेच म्हणत असेल आणि म्हाताऱ्या बायकांना ते ठाऊक असेल. कधी वाटतं, एवढ्याने भागत नाही. मी तो वाद सोडवायला बसलो नाही.

"मग आता मी हे फेडू कुठे?" मी धोंडूला विचारलं.

"मला काय ठावं? मी काय गुरव हाय?"

घरी आलो आणि हिला सगळं सांगितलं. वाट चुकल्याचंही सांगितलं, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येईना. ही चुलीपाशी बसून ऐकत होती. मला वाटलं होतं, आता ती म्हणेल की ती बाई समुद्रापलीकडे, नवस अडकला तो अडकलाच. ती म्हणाली, "त्या बाईला नवरा नव्हता म्हणालात. मुलगाही गेलेला."

"हो."

"मग तशाच बाईची भरू. आणि मी भरीन. तुमचं काम नाही ते."

आमच्याकडे विधवेची ओटी भरत नाहीत. गरोदर बाईने तर अशा वेळी त्या विचाराजवळही जाऊ नये, असं शेजारणींनी तिला बजावून सांगितलं. आणि तेही दोन मुलं गेलेल्या बाईला.  तरी तिने सुपात तांदूळ घेतले, आमच्या वाडीतला नारळ घेतला, नवा खण घेतला. कुंकवाचा करंडाही आणला, आणि पुन्हा कोनाड्यात ठेवला. तेवढी हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

बोलावलं होतं हिराबायला. ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली सुईण. तरुणपणीच नवरा आणि मुलगा होडीबरोबर गेले. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हातावर जगात आलेली, पण हळदीकुंकवाला ती कुणाच्या घरी चढत नसे. ती आली, पोट तपासून झालं, आणि ही सूप घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"ह्या काय?" हिराबाय मागे सरकली. "माजी वटी? याड लागलंय का गो तुला? मी रांडाव बाय. तुजं दिवस भरत आलंत."

"घ्या, आई," ही म्हणाली.

मी दाराबाहेर होतो.  आतून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि डोकावून पाहिलं तर हिराबायने पदर पसरला होता. ती तांदळाकडे बघत नव्हती, वर आढ्याकडे बघत होती.

पुढच्या महिन्यात, उन्हं वर आली असताना, हिला कळा सुरू झाल्या. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती, एक दार तेवढं. मला परसात बसायला सांगितलं होतं. बसलो नाही. सगळ्या आयांची नावं घेऊन झाली, आणि मग लक्षात आलं की आपण पुन्हा पत्ते शोधतोय. वाळवंटात मी एकही नाव घेतलं नव्हतं, कुणीकडे चाललोय हे मला ठाऊक नव्हतं, शहाणपणाची एक गोष्ट मी तिथे केलेली नव्हती, आणि तरी कुणीतरी तोंडात पाणी सोडलं होतं. तेव्हा मी नावं घेणं थांबवलं. काही मागितलंही नाही. जे होईल ते तुझ्या मांडीवर, एवढंच मनाशी म्हणालो. कुणाला म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही.

मूल रडलं. मी कान लावून होतो, थांबतं की काय. थांबलं नाही. मुलगी. आता ती अंगणात सागरगोटे खेळते आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. ती हिराबायच्या हातांमुळे जगली, की आणखी कशामुळे, हे मी कुणाला पटवून देत नाही. मी फक्त कृतज्ञ आहे, आणि ती कृतज्ञता कुणा एकापाशी जमा करून मोकळं होता येत नाही, हे मला आता बरं वाटतं.

त्या दिवशी मात्र माझा ऊर भरून आला होता. मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि ज्याने कुणी हे दिलं त्याचे मोठ्याने आभार मानायला सुरुवात केली. चांगली लांबलचक प्रार्थना जमून येत होती. तेवढ्यात आतून हिराबायचा आवाज आला :

"ए, दारातून बाजूला सर. तुज्यामुलं आत उजेर येत नाय."