अकराव्या क्रॉसचं पोलीस ठाणं

पुट्टतायम्मांनी बंगळूरच्या सिटी बसमध्ये एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. त्या कुजबुजल्या तरी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांवरचे कावळे उडतात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण कालपरवापर्यंत खाकी शर्ट त्यांनी टाकला नव्हता. साडीवर तो चढवून त्या झाडांना पाणी घालायच्या, भाजी आणायच्या, आणि गॅसवाल्याशी भांडायच्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर बावीस वर्षं भाड्याने राहते. मला त्या "ए वरची" म्हणून हाक मारतात. माझं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

कल्लेगौडा लेआउट या वसाहतीचा अकरावा क्रॉस, म्हणजे अकरावी गल्ली, आमच्या फाटकापाशी संपतो. फाटकाला लागून मोठा नाला आणि नाल्यापलीकडे रिंग रोड. लेआउट आखला तेव्हा नाल्यावर पूल होणार होता. कागदावर तो झाला. जमिनीवर राहून गेला. पंचवीस वर्षं त्याची कुणाला आठवण नव्हती. मग लोकांच्या फोनमध्ये नकाशे आले, आणि त्या नकाशांना तो जुना कागद कुठूनसा सापडला.

सुरुवातीला निळं ॲप एकटंच होतं. सकाळी आठला त्याच्यावर विसंबलेल्या आठ-दहा मोटारी आमच्या फाटकाशी येऊन थांबायच्या. पुढे हिरवं ॲप निघालं. त्याची जाहिरात अशी होती की आम्ही निळ्यापेक्षा चार मिनिटं आधी पोचवतो. ती चार मिनिटं आमच्याच नाल्यावरून वाचवलेली होती. मग पिवळं आलं. त्याने पूल दाखवला नाही, हे खरं. पण नाल्यापलीकडचं मंगल कार्यालय उचलून त्याने थेट तायम्मांच्या ओट्यावर आणून ठेवलं.

एकदा एक टॅक्सी आली. आत लॅपटॉप मांडीवर घेतलेला एक तरुण बसला होता.

"अम्मा, जरा बाजूला व्हा, सरळ जायचंय," ड्रायव्हर म्हणाला.

"सरळ नाला आहे."

"ॲप तर सरळ म्हणतंय."

"मग ॲपला खाली उतरव आणि म्हणावं, आधी तू चालून दाखव. ते पोचलं की तू जा."

मागचा तरुण वैतागला. "तुम्ही दुसरं ॲप लावा हो!" ड्रायव्हरने दुसरं लावलं. तिसरंही लावलं. निळं म्हणालं, चारशे मीटर सरळ. हिरवं म्हणालं, तीन मिनिटांत पोचाल. पिवळ्याने गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही इच्छित स्थळी पोचला आहात. शुभ विवाह!"

"कुणाचा विवाह?" तरुणाने घाबरून विचारलं.

"आत ये, बघू कुणी मिळते का," तायम्मा म्हणाल्या, आणि शिट्टी तोंडात घालून त्यांनी टॅक्सी मागे घ्यायला लावली. "रैट... रैट... रैट... होल्डॉन! अरे होल्डॉन म्हणजे थांब, आरशात काय बघतोस, मी लग्नाची नाही!"

रोज हेच. गल्ली इतकी अरुंद की वळायला जागा नाही. मागून दुसरी गाडी आली की आधी तिला मागे घ्यायचं, मग पहिलीला. तायम्मांची भाकरी तव्यावर करपायची आणि त्या फाटकात शिट्टी फुंकत उभ्या असायच्या.

त्यांनी पाटी रंगवून घेतली, पुढे रस्ता नाही. पण ड्रायव्हरांची नजर फोनवर. एका स्कूटरवाल्याने तर पाटीलाच धडक दिली आणि वर म्हणाला, "ही नकाशात नाही." त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथले साहेब म्हणाले, "अम्मा, नाला आमचा. पूल त्यांचा. त्यांच्या पुलाबद्दल त्यांना विचारा."

मग "ए वरची!" अशी हाक आली, आणि माझ्या फोनवरून तक्रारी सुरू झाल्या. मी छापखान्यात मजकूर तपासते, त्यामुळे लिहिण्याचं काम माझ्याकडे. आम्ही लिहिलं, इथे पूल नाही. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार. तिची खातरजमा होऊ शकली नाही." आम्ही फोटो पाठवला. नाला, आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून तायम्मा. निळ्या ॲपने तायम्मांचा चेहरा धूसर केला आणि फोटो छापला, "ओढ्याकाठचं शांत ठिकाण" म्हणून. पुढच्या रविवारी दोन जोडपी चटई आणि चित्रान्नाचा डबा घेऊन हजर.

"नाकाला रुमाल लावून प्रेम करा," तायम्मा त्यांना म्हणाल्या आणि फाटक लावून घेतलं.

मग त्यांनी स्वतःचा फोन घेतला आणि चिकाटीने एकेक गोष्ट कळवायला लागल्या. कुठला क्रॉस खोदलाय, कुठला दवाखाना बंद झाला, कुठलं हॉटेल हललं. शहराचा कोपरान् कोपरा त्यांना पाठ. हे सगळं ॲप आनंदाने घ्यायचं. फक्त पुलाचं काही ऐकायचं नाही. चार महिन्यांत त्यांना मार्गदर्शक, पातळी सहा, असं पद मिळालं आणि नावापुढे एक सोनेरी तारा. "एकतीस वर्षांत डेपोने मला तारा दिला नाही," त्या म्हणाल्या. खूश होत्या की चिडलेल्या, ते मला कळलं नाही.

कडेलोट झाला तो पाण्याच्या टँकरमुळे. टँकर मागे घेताना फाटकाचा खांब गेला आणि खांबाबरोबर त्यांचं संपिगेचं, म्हणजे सोनचाफ्याचं, झाड. ते झाड त्यांनी रिटायर झाल्याच्या दिवशी लावलं होतं, नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. तायम्मा ओरडल्या नाहीत. मोडलेली फांदी उचलून ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला भीती वाटली.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ए वरची, ह्या ड्रायव्हर लोकांना कशाची भीती वाटते? देवाची नाही, बायकोची नाही, नाल्याची तर नाहीच."

"पोलिसांची," मी सहज बोलून गेले.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बिनतिकिटाच्या माणसाकडे पाहायच्या. मग फोन काढला. नवं ठिकाण जोडा. नाव, पोलीस ठाणं, अकरावा क्रॉस. मी "अहो तायम्मा, हा गुन्हा..." म्हणेपर्यंत बोट दाबलं गेलं होतं.

पूल नाही ही खरी गोष्ट ज्या निळ्या ॲपने चार महिने नाकारली, त्याने ही खोटी गोष्ट चार मिनिटांत मान्य केली. मार्गदर्शक, पातळी सहा! आठवड्याभरात हिरव्या आणि पिवळ्याने निळ्याच्या पाटीत डोकावून तेच उतरवलं. परीक्षेत पुढच्या पोराची नक्कल करावी, तसं. स्पेलिंगची चूकसुद्धा तीच.

आणि काय सांगू, गल्ली शांत झाली. ज्याचं लायसन्स नाही, ज्याचं हेल्मेट नाही, ज्याचा पट्टा लावलेला नाही, ते सगळे दहाव्या क्रॉसवरूनच वळायला लागले. तायम्मांनी तीन दिवस गरम भाकरी खाल्ली.

चौथ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. हातात तुटलेला आरसा.

"इथे तक्रार कुठे द्यायची?"

तायम्मा खाकी शर्टात झाडांना पाणी घालत होत्या. "हे ठाणं नाही," त्या म्हणाल्या.

"मेडम, सगळीकडे असंच सांगतात, आमच्या हद्दीत येत नाही म्हणून! निदान ऐकून तर घ्या." आणि त्याने सांगायला सुरुवात केली. शेजारी रोज गाडी लावताना याच्या स्कूटरचा आरसा उडवतो. हा तिसरा.

तायम्मांना भांडण अर्धवट ऐकून सोडता येत नाही. त्यांनी शेजाऱ्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. "अकराव्या क्रॉसवरून बोलतेय," एवढंच म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. "आरसा आज संध्याकाळपर्यंत बसवायचा. काय? बजेट नाही? मग गाडी लावायला येऊ का मी, शिट्टी घेऊन?" आरसा दुपारीच बसला.

मग लोक येतच राहिले. घरमालक-भाडेकरू, पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली. फोन हरवलेली मुलगी. तिचा फोन तायम्मांनी तिच्याच पिशवीच्या अस्तरातून काढून दिला. प्रत्येकाला त्या आधी सांगायच्या, "हे ठाणं नाही." प्रत्येकजण म्हणायचा, "हो हो, मेडम," आणि समोर बसायचा. त्या सगळ्यांना कॉफी द्यायच्या, दोघांत एक. भांडणारे दोघे एकाच कपातली अर्धी अर्धी पिऊ लागले की निम्मं भांडण तिथेच निवतं, असं त्यांचं म्हणणं.

मी मात्र घाबरलेली. "तायम्मा, काढून टाका ते. तुम्हाला पकडतील."

"पकडायला येतील कसे? पत्ता सापडायला हवा ना!" त्या म्हणाल्या.

पत्ता सापडला. एका सोमवारी रिक्षातून एक जाडे, घामाघूम हवालदार उतरले. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात गुंडाळलेली सतरंजी. ओट्यासमोर येऊन त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि खाडकन सलाम ठोकला.

"हवालदार होन्नप्पा! सकलेशपूरहून बदलीवर हजर होतोय, मेडम!"

तायम्मांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. मग त्यांनी तो पदराने घाम पुसण्याच्या कामी लावला. "बसा," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "कॉफी घ्या. मग तुम्हाला काही सांगायचंय."

होन्नप्पांनी सगळं ऐकलं. कॉफी संपवली. "म्हणजे हे ठाणं नाही?"

"नाही."

"तरीच!" होन्नप्पा म्हणाले. "मी म्हटलं, ॲपवर इतकं चांगलं लिहिलंय लोकांनी या ठाण्याबद्दल. माझी बदली अशा ठिकाणी होईलच कशी?"

ते खऱ्या ठाण्यावर दोन तास उशिरा पोचले. उशिराचं कारण विचारल्यावर भोळेपणाने खरं ते सांगून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्टर बेळ्ळियप्पा स्वतः जीप घेऊन आले. मिशा कोडगू पद्धतीच्या, आवाज डोंगरातला. मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होते.

"पुट्टतायम्मा तुम्हीच?"

"हो सर."

त्यांनी फोन काढला आणि मोठ्याने वाचायला लागले. "'लगेच ऐकून घेतात. कॉफी उत्तम.' पाच तारे. 'मेडम कडक पण न्यायी.' पाच तारे. 'नवऱ्याला समज दिली, आता स्वतःचं ताट उचलतो.' पाच तारे." ते थांबले. "चार पूर्णांक आठ! माझ्या ठाण्याला किती आहेत, ठाऊक आहे? दोन पूर्णांक सहा! बावीस माणसं आहेत माझ्याकडे, दोन जीप आहेत!"

"सर, कॉफी कोण करतं तुमच्याकडे?" तायम्मांनी काळजीने विचारलं.

इन्स्पेक्टर लालबुंद झाले. "हे आत्ताच्या आत्ता काढायचं. माझ्यासमोर."

तायम्मांनी काढायला घेतलं. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार. हे ठिकाण अस्तित्वात असल्याची त्रेसष्ट जणांनी खात्री दिली आहे." इन्स्पेक्टरांनी फोन हिसकावून घेतला. मग स्वतःच्या फोनवरून कळवलं, की मी या भागाचा पोलीस इन्स्पेक्टर आहे, हे ठाणं खोटं आहे. उत्तर आलं, "आपण पातळी एकवर आहात. अधिक ठिकाणांची माहिती देऊन विश्वासार्हता वाढवा."

बेळ्ळियप्पा ओट्यावर बसले.

"मी पातळी एक," ते म्हणाले.

"मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं सर," तायम्मा म्हणाल्या. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पूल, पाटी, वॉर्ड ऑफिस, ओढ्याकाठचं शांत ठिकाण. शेवटी संपिगेचं झाड. एकतीस वर्षं रोज हजार माणसांशी बोलत होते, त्या म्हणाल्या. रिटायर झाल्यावर घरी कुणी येईना. हे लोक आले तेव्हा चूक आहे हे कळत होतं, पण फाटक लावावंसं वाटलं नाही. "शिक्षा करायची तर करा, सर."

इन्स्पेक्टरांनी शिक्षा केली नाही. लेखी माफी घेतली, ती मीच लिहून दिली, आणि त्यांनी तिच्यातली एक चूकही काढली. मग त्यांनी तिन्ही कंपन्यांना सरकारी कागदावर पत्रं धाडली. निळ्याने महिन्याभरात पूल पाडला. त्याचं पाहून हिरव्यानेही पाडला. पिवळ्याचं मंगल कार्यालय मात्र अजून आमच्या ओट्यावर आहे. मुहूर्ताच्या दिवसांत भरजरी साड्या नेसलेल्या बायका येतात, आणि तायम्मा त्यांना पलीकडे कसं जायचं ते सांगतात.

ठाण्याची खूण काही केल्या निघेना. शेवटी बेळ्ळियप्पा कंटाळले. तक्रारवाले येतच आहेत, तर निदान एक खरा पोलीस तिथे असू दे, असं म्हणून त्यांनी मंगळवारी आणि शनिवारी दोन-दोन तास होन्नप्पांना आमच्या ओट्यावर बसवलं. टेबल ठाण्याचं, खुर्ची तायम्मांची. एकच अट घातली, तायम्मांनी खाकी शर्ट घालायचा नाही. त्यांनी तो धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून जांभळा शर्ट घेऊन आल्या.

परवा शनिवारी एक बाई आल्या. त्यांचा कोंबडा शेजाऱ्याने कापून खाल्ला, अशी तक्रार. होन्नप्पांनी कागद पुढे ओढला.

"कोंबड्याचं वर्णन?"

"तांबडा. मानेवर काळं. फार प्रेमळ."

"प्रेमळ लिहू नका," तायम्मा स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पुराव्याला टिकणार नाही. वजन लिहा!"

होन्नप्पांनी प्रेमळ खोडलं. बाई रडायला लागल्या. होन्नप्पांनी माझ्याकडे पाहिलं, तायम्मांची पाठ आहे याची खात्री केली, आणि कडेला बारीक अक्षरात तो शब्द पुन्हा लिहिला.