गाळलेली दुपार

कॅसेटकाकांचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. दुकानांच्या दुमजली इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत बसून ते जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून देत. तरुणपणी त्यांनी लग्नांची शूटिंगं केली होती. आता त्याच लग्नांच्या कॅसेटी बुरशी लागून त्यांच्याकडे परत येत. गिऱ्हाइकाला ते म्हणायचे, "तुमचं लग्न टिकलं हेच खूप झालं, कॅसेटनंही टिकावं हा हट्ट कशाला?" गिऱ्हाईक हसायचं. काका हसत नसत.

काम ते काळ्या पडद्यावर करत. रंगीत बटणांची सॉफ्टवेअरं त्यांना पोरखेळ वाटायची. कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं आणि चष्मा कपाळावर सरकवून वाट बघायची. टेपवरचं चित्र संगणकात घेणारा त्यांचा कॅप्चरचा डबा मात्र महा खोडील होता. सिग्नल जरा ढेपाळला की तो आधीचीच फ्रेम पुन्हापुन्हा पाठवायचा. मग चित्र अडखळायचं, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. काकांनी त्यापायी पुष्कळ डोकेफोड केली आणि शेवटी एक कमांड बसवली. आधीच्या फ्रेमसारखीच दिसणारी फ्रेम गाळायची आणि उरलेल्या एकामागोमाग जोडून टाकायच्या; आवाज तसाच ठेवायचा. जुन्या टेपवर मुंग्या, म्हणजे चित्रात वळवळणारे ठिपके, फार असतात, दोन फ्रेमा तंतोतंत सारख्या कधीच निघत नाहीत. म्हणून 'थोडाफार फरक असला तरी सारखंच धर' असंही त्यांनी कमांडला बजावून ठेवलं होतं. लग्नात कुणी स्वस्थ बसत नाही, त्यामुळे डब्याची अडखळ तेवढी जायची आणि माणसं शाबूत राहायची.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत: टेप आधी कच्ची, जशीच्या तशी उतरवून ठेवा, मग काय काटछाट करायची ती करा. घरच्या कामाची वेळ आली तेव्हा मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान.

त्या दिवशी वहिनी आल्या. काकांच्या थोरल्या भावाच्या, दादांच्या पत्नी. दादांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. झटका आला, वाचा गेली, अंग गेलं. डोळे उघडे असायचे, पण ते कुणाकडे बघतायत हे कळायचं नाही. लोखंडी कठड्याच्या खाटेवर ते पडून असत. धडधाकट असताना दादा म्हणजे हातात अंगठी आणि तोंडात थट्टा. बेल असली तरी हा माणूस अंगठीनंच दार वाजवायचा. टक टक, जरा थांबून आणखी एक टक. दार उघडेपर्यंत दम म्हणून नाही. घरातले चिडायचे, पण कोण आलंय हे विचारावं लागायचं नाही.

आजारपणात काका दर रविवारी जात. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, "दादा, कसा आहेस?" असं भिंतीला विचारल्यासारखं विचारायचं आणि निघायचं. खरं सांगायचं तर त्यांना तिथं उभं राहवत नसे. वहिनी सांगत, "भाऊजी, ह्यांचा हात हलतो हो. कुणी नसलं की हलतो." काका म्हणत, "मनाचे खेळ आहेत, वहिनी." डॉक्टरांनी घरच्यांना विचारलं, काही फरक वाटतो का? उत्तर काकांनीच दिलं. "काही फरक नाही." त्यावर दादांना शुश्रूषागृहात हलवायचं ठरलं. तिथं ते जेमतेम महिनाभर टिकले.

वहिनींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली छोटी कॅसेट काढली.

"ह्यांना न्यायला शुश्रूषागृहाची गाडी यायची होती ना, त्या दुपारची आहे," त्या म्हणाल्या. "मी रजा मागायला ऑफिसात गेले होते. कॅमेरा ह्यांच्याकडे तोंड करून चालू ठेवला. म्हटलं, हात हलला तर तुम्हाला दाखवेन. परत आले तर तुम्ही माणसं घेऊन जिन्यातच. मग कुठलं दाखवणं?"

"नंतर कधी बघितली नाहीत?"

"धीर झाला नाही. न हललेला दिसला असता तर?" वहिनींनी रुमालाची घडी घातली. "आता वय झालं, भाऊजी. मी वेडी होते की नव्हते, एवढं तरी कळू दे. हात हलतो का, तेवढंच बघून सांगा."

काकांनी कॅसेट उजेडात धरली. कडेला पांढरी बुरशी होती. अशी टेप एकदा चालते, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. डिस्क गिऱ्हाइकांच्या लग्नांनी गच्च भरलेली होती, कच्ची फाइल मावणार नव्हती. एखादं लग्न दुसरीकडे हलवायला अर्धा दिवस गेला असता. घरचंच तर काम, असं म्हणून त्यांनी नेहमीची कमांड चालवली आणि चहा प्यायला गेले. परक्याच्या कॅसेटला त्यांनी असं कधी केलं नसतं.

परत आले तेव्हा टेप संपून आपोआप मागे गुंडाळत होती. खरखर झाली, मग कट्. काकांनी झाकण उघडलं तर टेप तुटून चाकाभोवती चुरगाळली होती आणि तिच्यावरचा मसाला तपकिरी भुकटी होऊन खाली पडला होता.

त्यांनी फाइल उघडली. वहिनी कॅमेरा नीट लावतात, पांघरूण सारखं करतात, दाराबाहेर जातात. आणि लगेच, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच, त्या पुन्हा आत येतात आणि त्यांच्यामागून काका स्वतः. खाटेच्या पायथ्याशी उभे. तिथं चित्र संपलं आणि गोठून राहिलं. आवाज चालूच होता. काकांनी लांबी तपासली. चित्र दोन-तीन मिनिटांचं, आवाज तासाभराचा.

आधी त्यांना वाटलं, नेहमीचाच घोळ, डबा अडखळला असेल. मग त्यांनी आपणच लिहिलेली कमांड वाचली. खाटेवर एकटा पडलेला माणूस. एक फ्रेम दुसरीसारखी, दुसरी तिसरीसारखी. बोटभर हात हलला असेल, तर तो थोडाफार फरक. यंत्रानं सांगितलं तसंच केलं होतं. सबंध दुपार गाळली होती आणि दादा अख्खा गेला होता.

वहिनींना फोन करावा, टेप कोरीच निघाली म्हणावं, असं मनात आलं. कुणाला कळणार होतं? फोन हातात घेतलाही. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

टक टक. टक.

काका गोठलेल्या चित्राकडे बघत बसले. पुन्हा तेच. दोन, जरा थांबून एक. लोखंडावर अंगठी. पडद्यावर त्यांचा स्वतःचा चेहरा होता, घाईत असलेला, आणि त्याच्याखाली त्यांचा भाऊ दार वाजवत होता. वाजवणं थांबायचं, बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू व्हायचं, कधी दुसरं टक होताहोता राहायचं. काका टेबलावर डोकं ठेवून रडले. बाहेरून कुणीतरी डोकावलं आणि दुकान बंद आहे असं समजून निघून गेलं.

वहिनी आल्या तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. टेप तुटली, चित्र माझ्या कमांडनं खाल्लं, चूक माझी. कपाळाला आठी घालून वहिनी पडद्यावरच्या काकांकडे बघत राहिल्या.

"हात नाही दिसणार," काका म्हणाले. "पण ऐका."

वहिनींनी ऐकलं. पहिलं टक ऐकताच त्यांनी पदर तोंडावर धरला. तासभर त्या हलल्या नाहीत. रिकाम्या घरात एक माणूस बोलावत होता आणि दोघं जण ते आता ऐकत होते.

शेवटी शेवटी दाराची कडी वाजली, पावलं आली आणि काकांचा जुना, तरणा आवाज आला. "काही फरक नाही, वहिनी. आता उशीर नको." त्यानंतर कठडा वाजला नाही. कॅमेरा बंद झाला.

"बघितलंत?" काका कसेबसे म्हणाले. "मी आलो आणि तो थांबला. म्हणून मला कधी—"

"थांबणारच ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दार उघडलं असं वाटलं असेल त्यांना."