जाळी बसेपर्यंत

मिरच्यांचा डबा घेऊन मी शोभाताईंच्या नव्या गिरणीत उभी होते. दळण चालू असतानाच मोटारीच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी निखळून पडली. गिरणीवर काम करणाऱ्या मंगलने पदर खोचला. "चालू द्या ताई, मी सांभाळून करते." शोभाताईंनी बटणच बंद केलं.

रांगेत कुरकुर सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, "धंदा नवा आहे तुमचा. अशी गिऱ्हाइकं परत पाठवलीत तर चालायचा कसा?"

"नाही चालला तर नाही. पण उघड्या पट्ट्यापाशी मी कुणाला उभं करणार नाही. पदर आत जायला कितीसा वेळ लागतो?"

ते डबा उचलून गेले. मागोमाग आणखी दोघी गेल्या. शोभाताईंचा चेहरा उतरला, पण हात काही बटणाकडे गेला नाही.

'सांभाळून कर' असं आपण किती सहज म्हणतो! एवढं म्हटलं की सगळा भार काम करणाऱ्यावर टाकून आपण मोकळे. ही बाई मात्र तो भार भर गर्दीत स्वतःकडे ओढून घेत होती.

"फिटर यायला दुपार होईल," त्या मला म्हणाल्या. "तुम्हीही जा."

"होऊ दे दुपार," मी म्हटलं आणि पायरीवर बसले.