टाकांवरची चांदी

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, पण पुढे आयुष्यभर लिहिले ते जबाब आणि पंचनामे. म्हणून या धाडसाबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. परवा नातीने तिच्या संग्रहातल्या एका कार्डावरचा चंदेरी थर नखाने खरवडला. खाली साधा पुठ्ठा निघाला, तसे तिचे तोंड उतरले. आणि शिरूर कासारकडची ती घटना मला लख्ख आठवली.

दुष्काळाचे वर्ष होते. मी तिथे फौजदार होतो. ऊसतोडीहून परतलेली एक बाई नवऱ्यासह ठाण्यात आली. जाताना तिने देवांचे टाक, म्हणजे देव्हाऱ्यातले उठावाचे छोटे पत्रे, शेजारणीकडे पूजेला ठेवले होते. परत मिळाले ते तांबडे; ते तिने माझ्या टेबलावर ठेवले.

"सायेब, अक्कानं चांदीचे ठिवून घेतले अन् मला तांब्याचे दिले."

नवरा खाली बघत होता. लाजला असेल, असे मला वाटले.

अक्का गावच्या सहकारी दूध सोसायटीत दूध मापायची. विधवा बाई, त्या कामावरच तिचे घर चालायचे. चोरटीच्या हातात माप नको, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. त्यातच खबऱ्याने सांगितले, अक्का गाठोडे घेऊन बीडला सराफाकडे गेली होती. मला प्रकरण सुटल्यासारखेच वाटले. अर्ज चौकशीवर घेऊन मी तिला आणि त्या नवरा-बायकोला बोलावले. अक्काशेजारी महिला शिपाई बसवली.

"सराफाकडे गेला होतात?"

"गेलते."

"कशाला?"

"ते न्हाई सांगणार."

"माप जाईल हातचं."

"जाऊ द्या. चोरी मी न्हाई केली."

चोर कारणे देतो, नको तितकी देतो. ही एकही देईना. मी टाक पुन्हा हातात घेतले आणि तक्रारदार बाईला खूण विचारली.

"खंडोबाचा कोपरा वाकडा हाय. पोरीनं दात येताना चावलाय."

तांबड्या टाकाचा कोपराही तसाच वाकडा होता. उठावाच्या खोबणींत अजून चांदीची चमक होती. म्हणजे टाक तेच होते, फक्त वरचा मुलामा गेला होता. मी नवऱ्याला एकट्याला आतल्या खोलीत घेतले. तो लगेच बोलला.

"भावांपासून वेगळं निघालो तवा नव्या टाकांना चांदी झेपली न्हाई. तांब्यावर मुलामा दिला. हिला चांदीच सांगितली."

"आता तुम्हीच सांगा तिला."

बाहेर येऊन त्याने बायकोला सगळ्यांसमोर सांगितले. मग अक्काचे तोंड उघडले. "रोज चिंचेनं घासले गं, देव काळे पडू नयेत म्हणून. तांबडे दिसाय लागले तशी भ्याले, सराफाला इचारलं. मुलामा हाय कळल्यावर म्हणलं, तुमच्या दोघांत कशाला भांडण लावू?"

बायको नवऱ्याकडे वळली. "मी अक्काला चोर म्हणत व्हते अन् तुमी नुसते बसलात?"

तिने तिथेच अर्ज मागे घेतला. रंग बदलला म्हणजे वस्तू बदलली, असे तिच्यासारखेच मीही धरून चाललो होतो. त्यानंतर मुद्देमाल नीट पाहिल्याशिवाय मी माणसावर संशय घेतला नाही.

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. अक्काच्या मापाचे काय झाले, ते मनात राहून गेले. गेल्या महिन्यात एका लग्नात त्या वेळचे ठाणे अंमलदार भेटले. ते म्हणाले, "सायेब, माप अक्काकडंच राहिलं. दुसऱ्या दिशी पयलं दूध त्याच बाईनं घातलं, सगळ्यांदेखत. अन् टाक अजून दर हंगामाला अक्काकडंच असतात."

"पुन्हा मुलामा दिला का?"

"न्हाई. बाई म्हणती, आसू द्या तांबडे. अक्काला घासायची धास्ती नको."