गाण्यात चहा हवा

“मला त्यातलं काही कळत नाही, पण...” असं म्हणून सिस्टर समोरच्याचं मनगट धरायच्या. नाडी बघताना धरतात तसं, तीन बोटांनी. ‘पण’च्या पुढचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय तुमचा हात तुम्हाला परत मिळत नसे.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अशी धरली गेलेली मनगटं पुष्कळ होती. सेक्रेटरींचं होतं, इस्त्रीवाल्याचं होतं, मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराचंही होतं. तो बिचारा ‘ताई, आशीर्वाद द्या’ म्हणाला आणि गटारावरच्या झाकणांबद्दल पूर्ण ऐकून गेला. सिस्टरांची नोकरी कल्याणच्या एका दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात झालेली. आसपासची निम्मी तरुण मंडळी त्यांच्या हातात जन्मलेली. सेक्रेटरींच्या मुलाने होणाऱ्या बायकोशी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा त्या तिला कौतुकाने म्हणाल्या, “याला मी पायाला धरून उलटा लटकवलाय. तेव्हाच रडला, एरवी शांत आहे.” त्यांना सगळी सोसायटी ‘सिस्टर’च म्हणायची. मीही.

सिस्टर पहिल्या मजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. आणि माझा गुन्हा असा होता की मी ‘बेसूर बिऱ्हाड’ नावाच्या मालिकेची गाणी लिहायचो.

तुम्ही ती पाहिली असेल किंवा नसेल, म्हणून सांगतो. एक कुटुंब असतं. त्यांच्यावर काहीही संकट आलं की ते गायला लागतं. लिफ्ट बंद पडली, गाणं. पाहुणे आले, गाणं. पाहुणे जाईनात, मोठं गाणं, मागे ढोलकी. शूटिंग ठाण्याला घोडबंदर रोडवर चालायचं. मी तिथल्या एका कोपऱ्यात बसून ‘टँकर आला, टँकर आला, बादली आण गं बादली आण’ असलं साहित्य निर्माण करायचो.

आता मालिका लिहिणारा माणूस ज्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिथे जिना हे एक न्यायालय असतं. सेक्रेटरींचं म्हणणं, मालिकेतला चिकट सेक्रेटरी म्हणजे तेच. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार, सून स्वयंपाक करताना गाते ते ठीक, पण गॅस पेटलेला कधीच दिसत नाही. ही मतं मी हसून घ्यायचो. सिस्टरांची मतं मात्र निराळी असायची.

“मला त्यातलं काही कळत नाही, पण कालचं गाणं फार पळत होतं.”

“विनोदी गाणं आहे सिस्टर, पळणारच.”

“पळू दे, पण माणसाला मागे धावता आलं पाहिजे ना? आणि ते ‘अभ्यंगस्नानोत्सुक’ काय होतं रे? जीभ ठेवायची कुठे माणसाने? ओळी लहान कर. ध्रुवपद दोनदा घे. दोनदा नाही, तीनदा.”

मला ‘अभ्यंगस्नानोत्सुक’चा अभिमान होता. त्या एका शब्दासाठी संगीतकाराने माझा हात हातात घेतला होता. तोही मनगटाच्या खाली, पंजा, सन्मानाने.

कधी कधी मतं वैद्यकीय असायची. मालिकेत एक लठ्ठ मामा होता. तो प्रत्येक गाण्यात नाचायचा. “त्याचे पाय सुजलेत,” सिस्टर म्हणाल्या. “त्याला सांग, तपासून घे.” मी सेटवर सहज बोलून गेलो. मामाचं काम करणारा नट मुळात घाबरट. त्याने शूटिंग थांबवलं, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, बायकोला माहेरून बोलावून घेतलं. शेवटी कळलं, कपडेपटवाल्याने बूट लहान दिले होते. मी जिन्यात हे सांगितलं, तर सिस्टर जराही खजील झाल्या नाहीत. “मग? सूज होती ना?”

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी चॅनेलकडून निरोप आला. प्रेक्षक कमी होत चालले आहेत, गाणी बंद करा आणि घरात एक कारस्थानी जाऊ आणा. तिच्याकडे विष असलं तर उत्तम. त्याआधी ठाण्यात एका हॉलमध्ये प्रेक्षकांना बोलावून त्यांची मतं घेणार होते. पण ते नावालाच. जावेच्या साड्यांची खरेदी आधीच झाली होती.

संध्याकाळी जिन्यात सिस्टर भेटल्या. मी सांगून टाकलं, “सिस्टर, तुमची सुटका झाली. गाणी बंद होणार.”

मी ‘पण’ची वाट पाहिली. ‘पण’ आलाच नाही. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आत ये जरा.”

मी त्यांच्या घरात कधी बसलेलो नव्हतो. काका, म्हणजे त्यांचे यजमान, आजारी असतात एवढंच ठाऊक होतं. मी या बिल्डिंगमध्ये राहायला येण्याच्या आधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. चालणं काठीने थोडंफार जमायचं, पण बोलणं गेलं होतं. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला. माझ्याकडे पाहून त्यांनी डावा हात वर केला. मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, आवाज आला, शब्द आला नाही. मी नजर कुठे वळवावी याचा विचार करत होतो. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले, खुर्चीच्या हातावर ठेका धरला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात गायला लागले,

“चहा टाक गं चहा टाक, दुधाला मार मोठी हाक!”

हे माझं होतं. मंगळवारच्या भागातलं. ते लिहिताना मी वडापाव खात होतो.

“टाकते,” सिस्टर आतून म्हणाल्या. “त्यालाही देते. साखर तुम्हाला अर्धाच चमचा.”

चहा पिताना त्यांनी सांगितलं. काकांना बोलता येत नाही, पण गाता येतं. असं होतं म्हणे काही जणांचं. बोलण्याची वाट बंद होते, गाण्याची उघडी राहते. सुरुवातीला सिस्टर त्यांना जुनी गाणी लावून द्यायच्या. ती काका शब्दन् शब्द म्हणायचे.

“पण उपयोग काय रे त्याचा?” सिस्टर म्हणाल्या. “जुन्या गाण्यांत चंद्र आहे, चांदणं आहे, यमुनेचा काठ आहे. यांना बाथरूमला जायचं असलं तर कुठला काठ म्हणणार? तहान लागली की विरहाचं गाणं म्हणायचे. मी आपली ओळखायची, पाणी की चादर. तुझ्या गाण्यांत चहा आहे, बादली आहे, पंखा आहे. पहिल्यांदा टँकरचं गाणं म्हणाले तेव्हा मी रडले बसून. दवाखान्यात एवढी वर्षं काढली, कधी रडले नव्हते.”

“मग लांब शब्द नको, ध्रुवपद तीनदा, ते सगळं...”

“पाठ व्हायला नको यांना?”

काका कान देऊन ऐकत होते. ‘टँकर’ ऐकल्याबरोबर त्यांनी ती ओळ एकदा म्हणून दाखवली. नमुना म्हणून.

मी म्हटलं, “सिस्टर, ठाण्याला चला. हे सगळं तिथे सांगा.”

“येईन. पण हे नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरातलं कशाला? मत विचारतायत ना, मत देईन.”

हॉल मोठा होता आणि एसी कडक. काकांना एकटं ठेवता येत नाही म्हणून सिस्टर त्यांनाही घेऊन आल्या होत्या. ते मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले. समोर चॅनेलची एक चटपटीत मुलगी माइक घेऊन उभी होती.

दिवा स्टेशनहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, “टँकरच्या गाण्याचं तेवढं बघा हां मॅडम. आमच्याकडे ते टीव्हीवर लागलं ना, की बाजूच्या चाळीतली माणसं बादल्या घेऊन धावतात. दोनदा मीपण गेलेली.”

एक गृहस्थ म्हणाले, “मी मालिका बघत नाही. मिसेस बघतात, मी समोर बसतो. तरी मला सगळी गाणी येतात, हे काय बरोबर आहे का?”

“पण गाण्यांऐवजी जर एक डेंजरस जाऊ आली तर कसं वाटेल?” मुलीने विचारलं.

“छान!” पुढच्या तीन बायका एकदम म्हणाल्या.

सिस्टर उठल्या. थेट पुढे गेल्या आणि त्यांनी मुलीचं मनगट धरलं.

“मला त्यातलं काही कळत नाही, पण तू जेवलीस का सकाळपासून?”

“हो... म्हणजे, कॉफी घेतली.”

“लागतंय ते हाताला. आता ऐक. विषवाल्या जावा सगळ्या चॅनेलवर आहेत. घरात आजारी माणूस असलं की तसलं बघवत नाही. आमच्या घरी ही गाणी...”

आणि त्या थांबल्या. एवढ्या बाळंतपणांना न डगमगलेली बाई भर सभेत अडखळली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मुलगी घड्याळ बघायला लागली. घड्याळ सिस्टरांच्या मुठीत होतं.

तेवढ्यात काकांना थंडी वाजली.

त्यांनी काठी फरशीवर आपटून ठेका धरला आणि मागच्या रांगेतून आवाज लावला,

“पंखा बंद करा कुणी, थंडी शिरते कानांतुनी!”

सगळा हॉल मागे वळला. काकांनी डोळे मिटून तीच ओळ पुन्हा म्हटली. दुसऱ्या वेळेला दिव्याच्या बाईंनी साथ दिली. तिसऱ्या वेळेला ते ‘मी बघत नाही’वाले गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग विषवाल्या जावेला ‘छान’ म्हणणाऱ्या तिघीसुद्धा गायला लागल्या. सगळा हॉल ‘पंखा बंद करा’ म्हणत होता आणि हॉलच्या माणसाने खरंच धावत जाऊन एसी बंद केला. चॅनेलचे साहेब कोपऱ्यात मान डोलवत होते. ती थांबवायची कशी हे बहुधा त्यांना समजत नव्हतं.

मुलगी धावत मागे आली. “काका, तुम्ही तर आमचे सगळ्यात मोठे फॅन आहात!”

काकांनी दचकून छताकडे बघितलं.

“हो, फार मोठे फॅन आहेत,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर शाल टाकली.

गाणी राहिली. जावेच्या साड्या मामीला दिल्या. आणि त्यानंतर जिन्यातलं न्यायालय बंद होऊन तिथे मागणी नोंदवणं सुरू झालं. “चष्म्याचं एक घाल. रोज शोधायला लावतात.” “औषध कडू आहे, असं काहीतरी घाल. नुसतंच थुंकतात.” मी घालायचो. “पाठ खाजवण्यावर गाणं?” दिग्दर्शकाने विचारलं. मी म्हटलं, प्रेक्षकांची मागणी आहे. ‘थोडी वर, थोडी खाली, हां हां हां, तिथंच आली’ हे गाणं मग लग्नाच्या वरातींत वाजलं. संगीतकाराला कुठेसा पुरस्कार मिळाला. सिस्टरांना नुसतं एवढंच वाटलं की उन्हाळा बरा गेला.

एकदा मीच विचारलं, “आणखी काय राहिलंय, सिस्टर?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या. “पूर्वी हे मला हाक मारायचे. म्हणजे नावाने नाही, ‘अगं ऐकलंस का’ एवढंच. आता काय लागेल ते मागतात, हाक नाही मारत. जाऊ दे. त्यावर काय गाणं होणार?”

मालिकेच्या शेवटच्या आठवड्यात लठ्ठ मामाने मामीसाठी एक गाणं म्हटलं. त्यात काहीच विनोद नव्हता, म्हणून दिग्दर्शक नाराज होता. ‘अगं ऐकलंस का, ऐकलंस का, जरा इथे बसतेस का’ इतकंच, ध्रुवपद तीनदा. पुढच्या रविवारी सिस्टर गेटवर भाजीवाल्याशी मेथीवरून वाद घालत होत्या. मी दूध घेऊन येत होतो. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आवाज आला, “अगं ऐकलंस का...”

सिस्टर गर्रकन वळल्या. “आले!” असं त्या वैतागून एवढ्या जोरात ओरडल्या, की भाजीवाल्याने मेथी फुकट दिली. जिना चढताना मात्र त्या पदराने तोंड पुसत होत्या. मी दूध घेऊन खालीच थांबलो. वर जायची काही घाई नव्हती.

पुढे बिल्डिंग पाडून नवी करायचं ठरलं. सगळे पांगले. सिस्टरांची मुलगी टिटवाळ्याला राहते, तिने दोघांना नेलं. सामानाचा टेम्पो आला तेव्हा काका ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि सिस्टर त्यांच्या पलीकडे, मांडीवर काचेची बरणी घेऊन. मी खाली उभा होतो. टेम्पोला पहिलाच खड्डा लागला आणि आतून काकांचा आवाज आला,

“हळू रे बाबा, हळू रे हाक, मागे आमचं कपाट झाक!”

मी टेम्पोच्या बाजूने चालत विचारलं, “सिस्टर, हे कुठल्या भागातलं? मला आठवत नाही.”

सिस्टर काकांकडे बघत होत्या, मघापासून बघत असाव्यात. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं.

“तुझं नाहीच ते,” त्या म्हणाल्या. “त्यांचं आहे.”

टेम्पोने वेग घेतला आणि माझा हात सुटला. काका पुढचं कडवं जुळवत होते. वळणापर्यंत मला ते ऐकू येत होतं. यमक काही नीट बसत नव्हतं.