दोन्ही डाव्या बाह्या

शिवणकाम हिच्या रक्तातच आहे, असं म्हणायची साऱ्या नातेवाइकांना भारी हौस. तयार कपड्यांपुढे तिचं शिलाईचं दुकान बसलं आणि चाळिशीत ही बाई सुताराच्या कारखान्यात शिकायला गेली, तेव्हा तेच कौतुक तिच्या मुळावर आलं. थोरला भाऊ रोज जेवताना सुरू करायचा, "अगं, देवाने तुझ्या हातात सुई दिली, तू रंधा कशाला धरतेस?" तिचं डोकं फिरायचं. दुकान बुडत होतं तेव्हा हा शहाणा कुठे तोंड लपवून बसला होता, कोण जाणे.

त्यात तिच्या हातून घोळ झाला. कारखान्याच्या मिस्त्रींनी कपाटाचे खण करायला दिले आणि तिने प्रत्येक फळी बोटभर जास्त ठेवून कापली. कापडाच्या शिवणीत थोडी माया ठेवायची, पुढे उसवून वाढवता येतं, ही हाताची जुनी खोड. सरस वाळला, खण तयार झाले आणि एकही कपाटात शिरेना.

"बाई, हात शिंप्याचा तो शिंप्याचाच," मिस्त्री म्हणाले. "शनिवारपर्यंत बसवा, नाहीतर आपली शिलाईची मशीनच बरी."

घरी भावाला आयतंच फावलं. "मी सांगत नव्हतो? उपजतच लागतं ते."

भाजी निवडणारी आई एकदम कडाडली. "कसलं उपजत? हिच्या पहिल्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या होत्या. माझा मार खाऊन, रडून रडून शिकलीय ही. तुलाही बसवलं होतं मशीनवर. तू पळालास, हिला मी पळू दिलं नाही, एवढाच काय तो फरक."

तिला आईचाही राग आला. राबली लेक, मार खाल्ला लेकीने, आणि इतकी वर्षं आईने श्रेय मात्र देवाला जाऊ दिलं.

तिने सांधे उकलले, फळ्या पुन्हा तासल्या. हाताला फोड आले, डोळे पुसत ती तासत राहिली. शनिवारी सगळे खण सरकले, एक तेवढा अडला. "हा सोमवारी बसवते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मिस्त्रींनी बसलेला एक खण दोनदा ओढून पाहिला आणि पुढचं काम म्हणून दाराची चौकट तिच्यापुढे टाकली.

रात्री भाऊ खुशीत म्हणाला, "म्हणजे सुतारकामही रक्तातच होतं म्हणायचं."

तिने त्याच्यासमोरचं ताट सरळ उचललं.

"रक्त नाही रे दादा, रडणं होतं. तेव्हाही आणि आत्ताही. तेवढं तरी माझं मला राहू दे."